नारिंगी धुक्यातला सुकाणी

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून मसाया’ या कादंबरीच्या आरंभी, वॉलॅक-९ नावाच्या ग्रहावर, चार जण एका खोलीत जमलेले दिसतात आणि सम्राट पॉल अट्रायडीजला संपवण्याचा कट तिथे शिजू लागतो. चौघांपैकी तिघे निदान दिसायला तरी तुमच्याआमच्यासारखे आहेत. चौथा मात्र एका पारदर्शक टाकीत तरंगतो आहे. त्याचे शरीर लांबुडके आहे, पावलांचे कल्ले झाले आहेत, तळहात पंख्यासारखे पसरून त्यांवर पातळ पडदा आला आहे, आणि टाकीच्या झरोक्यांतून बाहेर झिरपणाऱ्या फिकट नारिंगी धुराला मेलांज या मसाल्याचा वास आहे. परक्या समुद्रात सोडलेला मासा अशी त्याची प्रतिमा हर्बर्ट उभी करतो. याचे नाव एड्रिक. तो स्पेसिंग गिल्डचा सुकाणी आहे, म्हणजे ताऱ्यांमधून जहाजे नेणारा.

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा महाविद्यालयात होतो. फुटपाथवरून घेतलेली जुनी प्रत होती आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात, एड्रिकच्या वर्णनापाशी, आधीच्या कुणा वाचकाने शिसपेन्सिलीने एक छोटासा मासा काढून ठेवला होता. मीही त्या वेळी एड्रिककडे त्या चित्रापलीकडे पाहिले नाही. विज्ञानकथेत एखादा विचित्र देहाचा प्राणी हवाच असतो, तो इथे आहे, असे म्हणून पुढे गेलो. मला पॉलचे काय होते ते हवे होते. त्यानंतर मालिकेतली हर्बर्टची सहाही पुस्तके वाचून झाली, काही दोनदा वाचली, आणि मग कधीतरी लक्षात आले की या चौघांत सगळ्यात फिका, सगळ्यात आढ्यताखोर आणि सगळ्यात कमी बुद्धीचा जो कटवाला आहे, त्याच्याच हातून दोन गोष्टी या मालिकेत शिरतात आणि त्या दोन्ही शेवटपर्यंत पुरतात. हे त्याला स्वतःला कळत नाही, हीच त्याच्या पात्राची खरी गंमत आहे.

ज्यांनी ही पुस्तके वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. ‘ड्यून’ 1965 साली पुस्तकरूपाने आली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती ज्या कंपनीने छापली तिची ओळख मोटारदुरुस्तीची पुस्तके काढणारी अशी होती. या कादंबरीतल्या जगात हजारो वर्षांपूर्वी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मोठे बंड होऊन गेले आहे आणि माणसाच्या मनासारखे यंत्र घडवणे हे धर्माज्ञेनेच निषिद्ध ठरले आहे. यंत्रे गेली, पण त्यांची कामे राहिली, म्हणून ती कामे करू शकतील अशी माणसे घडवावी लागली. हिशेब आणि तर्क यांसाठी मेंटाट आले, राजकारण आणि वंशशुद्धी यांसाठी बेने जेसेरिट या स्त्रियांचा पंथ उभा राहिला, आणि जहाजांसाठी गिल्ड आले. ताऱ्यांमधली अंतरे ओलांडणारे जहाज इतक्या वेगाने जाते की वाट आधीच दिसली नाही तर ते कशावर तरी आदळून नष्ट होणार. ती वाट पाहण्यासाठी थोडेसे भविष्य दिसावे लागते. आणि भविष्य दिसण्यासाठी मेलांज लागते, जे अराकिस या एकाच वाळवंटी ग्रहावर मिळते. गिल्डच्या सुकाण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा मसाला इतका खाल्ला आणि हुंगला की त्यांचे देहच पालटून गेले.

पहिल्या कादंबरीत मात्र हे पालटलेले देह दिसत नाहीत, ही गोष्ट चित्रपट आधी पाहिलेल्या वाचकांना चकवते. डेव्हिड लिंचच्या 1984 च्या चित्रपटात अगदी सुरुवातीलाच काळ्या पोलादी टाकीतला एक अजस्र प्राणी सम्राटापुढे येऊन ठाकतो, त्यामुळे तोही पहिल्या पुस्तकातलाच असावा असे पुष्कळांना वाटते. पुस्तकात गिल्डचे जे दोन प्रतिनिधी शेवटच्या प्रसंगात येतात, ते करड्या गणवेशातले साधे पुरुष आहेत, एक उंच आणि एक बुटका. त्यांतल्या एकाच्या डोळ्यावरचे रंगीत भिंग निसटलेले असते, गर्दीत धक्का लागून डोळ्यावर धरलेला त्याचा हात बाजूला होतो आणि आतला संपूर्ण निळा डोळा उघडा पडतो. एवढीच खूण. गिल्ड किती खोलवर मसाल्याच्या आहारी गेले आहे हे त्या एका डोळ्यावरून पॉलला पक्के होते, आणि मग मसालाच नष्ट करण्याची धमकी देऊन तो त्या दोघांना आणि त्यांच्यामागच्या साऱ्या सत्तेला गुडघ्यांवर आणतो. 1969 साली आलेल्या दुसऱ्या पुस्तकात, त्या प्रसंगानंतर बारा वर्षांनी, हर्बर्टने निसटलेल्या भिंगामागचे उरलेले शरीर दाखवले आहे. पहिली कादंबरी क्रमशः छापणाऱ्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हा दुसरा भाग नाकारला होता आणि तो दुसऱ्या मासिकात प्रसिद्ध झाला. नायकाचे देव होणे आणि मग त्याच देवपणात अडकून पडणे हे सर्वांना रुचणारे नव्हतेच.

हर्बर्ट एड्रिकला ज्या शब्दाने संबोधतो त्यासाठी मराठीत ‘सुकाणी’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. जहाजावर सुकाणू धरून उभा राहणारा तो सुकाणी. ‘सुकाणू’ आपल्याकडे अरबीतल्या ‘सुक्कान’वरून दर्यावर्दी लोकांच्या तोंडून आला, आणि अराकिसच्या वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांची भाषाही हर्बर्टने अरबीवरच उभी केली आहे, त्यामुळे हा शब्द त्या जगात उपरा वाटत नाही. आणखी एक शब्द मराठी वाचकाला थबकायला लावतो. वॉलॅकवरची ती गुप्त बैठक ज्या भाषेत चालते तिचे नाव ‘मीराभासा’ आहे. भावनांच्या बारीक छटा पोहोचवण्यासाठी घडवलेली ही भाषा आहे आणि तिच्यात एड्रिक जे पहिले उत्तर देतो त्यात मुजरा आणि कुत्सितपणा एकाच स्वरात मिसळलेले आहेत. पात्राची ओळख करून देण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही. समोरची वृद्ध बाई बेने जेसेरिटची रेव्हरंड मदर गायस हेलन मोहायम आहे. तिला मान द्यायला तर हवा, पण आपण तिच्यापेक्षा वरचे आहोत हेही कळवायला हवे, अशी त्याची एकाच दमात दुहेरी धडपड चाललेली असते.

हा सारा प्रसंग आपण स्काइटेलच्या नजरेतून पाहतो, हेही महत्त्वाचे आहे. स्काइटेल हा त्लेलाक्सू लोकांचा रूपपालट्या आहे. हवा तो चेहरा, हवे ते शरीर तो धारण करू शकतो. म्हणजे या खोलीत देह बदललेले दोघे आहेत. एकाचा बदल त्याच्या मर्जीतला आहे, तो क्षणात येतो आणि क्षणात पुसला जातो. दुसऱ्याचा बदल कायमचा आहे आणि त्याने त्याला एका टाकीत कोंडून घातले आहे. स्काइटेलला पॉलला मारावे लागणार याचे वाईट वाटते, त्याला आपल्या बळीविषयी एक प्रकारची करुणा आहे. एड्रिकला असले काही वाटत नाही. चौथी, राजकन्या इरुलान, ही तर पॉलचीच नावापुरती पत्नी. तिला त्याचे मूल हवे आहे आणि तेच त्याने नाकारले आहे. मोहायमला पॉलचा वंश आपल्या पंथाच्या मुठीत हवा आहे. गिल्डला मसाल्यावरची पॉलची पकड सैल करायची आहे. म्हणजे चौघांची चार गणिते आहेत आणि उत्तर तेवढे एक आहे. कारस्थाने बहुधा अशीच जुळतात, आणि बहुधा त्यामुळेच फुटतातही.

पण हा कट फुटत नाही, निदान व्हायला हवा होता तितक्या लवकर फुटत नाही, आणि त्याचे कारण एड्रिक आहे. पॉलला भविष्य दिसते. जो माणूस उद्याचे आज पाहू शकतो त्याच्याविरुद्ध कट करणार तरी कसा? हर्बर्टने यावर काढलेला तोडगा असा, की एका द्रष्ट्याला दुसरा द्रष्टा दिसत नाही. भविष्य पाहणारा माणूस पाहिल्याबरोबर आपली निवड बदलू शकतो, म्हणून त्याच्याभोवतीचा काळ दुसऱ्याला गढूळ दिसतो, आणि त्याच्याजवळ वावरणारी माणसे व त्यांचे बेतही त्या गढूळपणात बुडून जातात. एड्रिक नुसता त्या खोलीत तरंगत राहिला की मोहायम, इरुलान आणि स्काइटेल यांच्यावर आपोआप पडदा पडतो. त्यासाठी त्याला काही करावे लागत नाही. त्याची हुशारी, त्याचे मुत्सद्दीपण, त्याची खोचक उत्तरे यांतले काहीही कटाला लागत नाही. लागते ते फक्त त्याचे असणे. झाडाने सावली द्यावी तशी तो सावली देतो, आणि झाडाप्रमाणे गप्प राहिला असता तर कदाचित अधिक शोभला असता.

ही युक्ती हर्बर्टने दुसऱ्या पुस्तकासाठी ऐनवेळी काढलेली नाही. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस सम्राट शद्दामचा मित्र काउंट फेनरिंग पॉलसमोर उभा राहतो तेव्हा पॉलला एकदम जाणवते की इतकी स्वप्ने आणि इतके भविष्याचे धागे पाहूनही हा चेहरा आपल्याला कधीच दिसलेला नाही. फेनरिंग हा बेने जेसेरिटच्या प्रजननयोजनेतला हुकलेला प्रयोग आहे. तो पॉलसारखा होता होता राहिला. फेनरिंगने ठरवले असते तर पॉल तिथेच संपला असता. तो नकार देतो, पॉल वाचतो, आणि त्या न दिसण्यामागचे कारण अर्धवट उलगडून तिथेच राहते. बारा वर्षांनंतरच्या कथेत हेच न दिसणे कुणीतरी मुद्दाम विकत घेतले आहे, टाकीत भरले आहे आणि राजदूत म्हणून दरबारी पाठवले आहे. फेनरिंगच्या बाबतीत जो अपघात होता त्याचे एड्रिकच्या बाबतीत शस्त्र झाले.

दरबाराचा प्रसंग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. गिल्डचा राजदूत म्हणून एड्रिक अराकीनला, पॉलच्या राजधानीत, येतो. त्याची टाकी ढकलत आणावी लागते. सम्राटापुढे त्याला वाकता येत नाही, आणि गुडघे टेकण्याचा तर प्रश्नच नाही, कारण टेकायला जमीनच नाही. आधीच मसाल्याच्या धुक्यात आकंठ बुडालेला हा प्राणी बोलता बोलता मेलांजची एक गोळी तोंडात टाकतो. पाण्यातल्या माशाने घोटभर पाणी मागावे तसेच हे आहे, पण माझ्या दृष्टीने सबंध पुस्तकात एड्रिकविषयी सर्वाधिक सांगणारी हालचाल हीच आहे. समोर पॉल बसला आहे, ज्याच्या हातात या मसाल्याचा नळ आहे. त्याच्याविरुद्ध कट करायला आलेला माणूस त्याच्याच दाराशी उगवणाऱ्या वस्तूवाचून पाच मिनिटे राहू शकत नाही. ज्याच्या बळावर कट लपतो, तेच बळ शत्रूच्या कोठारातून येते.

एड्रिक सोबत एक भेट घेऊन आलेला असतो. त्या भेटीचे नाव हेट. हा घोला आहे, म्हणजे मृत शरीरापासून त्लेलाक्सूंनी पुन्हा घडवलेला माणूस, आणि ते शरीर पॉलचा जिवलग तलवारबाज डंकन आयडाहो याचे आहे, जो पहिल्या पुस्तकात पॉलला आणि त्याच्या आईला वाचवताना मारला गेला होता. चेहरा तोच, उभे राहण्याची ढब तीच, पण डोळे धातूचे. पॉल त्याला थेट विचारतो की तुला इथे कशासाठी पाठवले आहे, आणि हेट सरळ सांगतो की तुमचा नाश करण्यासाठी. ही भेट विषारी आहे हे सर्वांना ठाऊक आहे, ती देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. तरीही पॉल ती स्वीकारतो, कारण त्या चेहऱ्याला नाही म्हणणे त्याला जमत नाही. एड्रिक हा सौदा आपण जिंकला असे समजतो. प्रत्यक्षात तो फक्त पोहोचवणारा आहे. माल त्लेलाक्सूंचा, हिशेब त्लेलाक्सूंचा, आणि त्या धातूच्या डोळ्यांआड काय पेरले आहे याची स्काइटेलइतकी स्पष्ट जाणीव एड्रिकला नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळ वाचकांच्या नजरेतून निसटते असे मला वाटते. पॉलला एड्रिकमागचे काही दिसत नाही हे खरे, पण एड्रिक आहे आणि त्याच्याभोवती काळ गढूळ आहे, एवढे तर त्याला दिसतेच. पडदा हीसुद्धा एक बातमीच असते. घराच्या एकाच खिडकीवर दिवसाढवळ्या काळे कापड लावले तर शेजाऱ्यांना आतले दिसणार नाही, पण आत काहीतरी चालले आहे हे साऱ्या आळीला कळेल. पॉल हे जाणून गप्प राहतो, कारण त्याला ज्या भविष्याची भीती आहे ते कटापेक्षा कितीतरी भयंकर आहे; त्याच्या नावाने चाललेल्या जिहादात 61 अब्ज माणसे मेली आहेत, 90 ग्रह निर्जीव झाले आहेत आणि 40 धर्म पुसले गेले आहेत, असा हिशेब तो स्वतःच एका प्रसंगी मांडतो. त्या माणसाला चार जणांच्या कारस्थानाचे काय वाटणार? त्या गढूळपणात कुठेतरी आपल्याला न दिसलेली, म्हणून कदाचित मोकळी असलेली वाट सापडेल, अशी त्याची आशा असावी असे मला वाटते. मी म्हणतो ते खरे असेल तर एड्रिकची सावली पॉललाही हवीशी होती.

एड्रिक पॉलला त्याच्या सत्तेभोवती माजलेल्या धर्माविषयी जे टोचून बोलतो, त्यालाही मी आता पूर्वीसारखे वगळत नाही. आपल्याला देव मानले जाते आहे हे तुम्ही चालवून कसे घेता, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. प्रश्न विचारणारा क्षुद्र आहे, त्याचा हेतू चिडवण्याचा आहे, पण प्रश्न बिनतोड आहे, आणि संपूर्ण कादंबरी तोच विचारते आहे. खलपात्राच्या तोंडी कादंबरीचा मुख्य प्रश्न घालण्याचे धैर्य सर्व लेखकांना नसते. बहुतेक जण तो प्रश्न एखाद्या शहाण्या, पांढऱ्या दाढीच्या सल्लागाराला देऊन मोकळे होतात.

पुढचा कट मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात एड्रिकचा भाग उरत नाही, आणि हेच बोलके आहे. इरुलान पॉलच्या प्रिय चानीला मूल होऊ नये म्हणून तिच्या अन्नात गुपचूप औषध घालत राहते. एका घरात अणुशक्तीवर चालणारे दाहक अस्त्र फुटते आणि पॉलची दृष्टी जाते, पण भविष्यदर्शनाच्या आधारे तो डोळसासारखा वावरत राहतो. बिजाझ नावाचा त्लेलाक्सूंचा बुटका हेटच्या मनात एक कळ बसवतो, चानीच्या मृत्यूची बातमी कळताच हेटने पॉलची हत्या करावी अशी. चानी जुळ्यांना जन्म देऊन मरते, कळ दाबली जाते, हेटचा हात उठतो, आणि आपल्या लाडक्या धन्याला मारण्याच्या त्या असह्य ताणाखाली त्याच्या आत डंकन आयडाहो जागा होतो. स्काइटेल बाळांवर सुरी धरून चानीच्या घोलाचा सौदा मांडतो. आंधळा झालेला पॉल आपल्या नवजात मुलाच्या डोळ्यांनी पाहून स्काइटेलला मारतो. मग फ्रेमेन रिवाजाप्रमाणे, आंधळा म्हणून, एकटा वाळवंटात निघून जातो.

एड्रिक मरतो तो या सगळ्याच्या मागे, पडद्याआड. पॉलची बहीण आलिया हिच्या राज्यात, स्टिलगार या फ्रेमेन सरदाराच्या हातून मोहायम आणि तो दोघेही संपवले जातात, आणि आपल्याला ते केवळ बोलण्यातून कळते. भविष्य पाहणाऱ्याला स्वतःचे मरण कसे दिसले नाही, असे कुणी विचारेल. पण नियम दोन्हीकडून लागू आहे. पॉलला एड्रिकभोवतीचे दिसत नव्हते, तसेच पॉलच्या, आलियाच्या आणि त्या जुळ्यांच्या भोवतीचे एड्रिकला दिसत नसणार. दुसऱ्यांना लपवता लपवता तो अशा दरबारात जाऊन बसला होता जिथे त्याच्यापेक्षा दाट सावल्या होत्या. गिल्डविषयी पॉल पहिल्या पुस्तकात जे म्हणतो त्याचा अर्थ असा, की या लोकांनी भविष्यात डोकावून नेहमी सुरक्षित, स्वच्छ दिसणारी वाटच निवडली आणि ती वाट हळूहळू साचलेपणाकडे उतरत गेली. टाकीतला तो मऊ पडलेला, जमिनीवर पाय ठेवू न शकणारा देह म्हणजे ती उतरण प्रत्यक्ष शरीरात आलेली. अशा माणसाने आयुष्यात एकदाच जोखीम घेतली आणि तीही दुसऱ्यांच्या भरवशावर.

माझा एक मित्र, जो ही पुस्तके माझ्याहून अधिक वेळा वाचून बसला आहे, मला म्हणतो की मी एका साध्या कथायंत्राला उगाच पात्र समजतो आहे. द्रष्ट्या नायकाविरुद्ध कट लिहायचा तर लेखकाला काहीतरी आडोसा हवा, तो त्याने तयार केला, त्याला कल्ले लावले आणि काम झाल्यावर मारून टाकला. त्याचे म्हणणे दुसऱ्या पुस्तकापुरते मला मान्य आहे. पण आडोसा म्हणून केलेल्या गोष्टीचे हर्बर्टने पुढे काय केले ते पाहिले म्हणजे हा आक्षेप लंगडा पडतो.

पॉलचा मुलगा लेटो चौथ्या पुस्तकात, 1981 च्या ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’मध्ये, 3500 वर्षे राज्य करून बसला आहे. वाळूतल्या अळ्या अंगावर घेऊन त्याने स्वतःचा देह अर्धा माणूस आणि अर्धा अजस्र किडा असा करून घेतला आहे. त्यालाही चालता येत नाही असे नाही, पण लांब जायचे तर त्याला गाडा लागतो. चाललेल्या गाड्यावर पडून, माणसाचा चेहरा पुढे काढून बोलणारा तो सम्राट पाहिला की मला टाकीतला सुकाणी आठवतोच. एकाचा देह सवयीने पालटला, दुसऱ्याने तो जाणूनबुजून पालटून घेतला. एकाला मसाला हवा होता, दुसरा स्वतःच मसाल्याचा उगम होऊन बसला. आणि या दुसऱ्याला, साऱ्या मानवजातीचे भविष्य एकट्याने डोळ्यांत धरून बसलेल्या या लेटोला, काय हवे आहे? त्याला अशी माणसे हवी आहेत जी त्याला दिसणार नाहीत. एकच द्रष्टा सगळ्यांना पाहू शकतो तोवर एकच जुलमी सगळ्यांना पकडूही शकतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करत अशा वंशाची पैदास करतो, ज्याच्यावर कुणाही द्रष्ट्याची नजर ठरू नये. सिओना ही त्या वंशातली पहिली. वॉलॅकच्या खोलीत चार जणांना काही तासांपुरती मिळालेली सावली तिच्या रक्तात कायमची उतरली आहे. त्याच काळात इक्स ग्रहाचे कारागीर द्रष्ट्याच्या नजरेपासून लपवणारी यंत्रे घडवतात, त्यांतून पुढच्या पुस्तकांत अदृश्य जहाजे येतात, आणि इक्सचीच दिशादर्शक यंत्रे शेवटी सुकाण्यांची गरजही संपवत आणतात. टाकीतल्या माशाने जे दोन धंदे केले, वाट पाहणे आणि आडोसा देणे, ते दोन्ही यंत्रांनी उचलले.

दुसरी गोष्ट भेटीची. एड्रिकने दरबारात आणून उभा केलेला तो धातूच्या डोळ्यांचा आयडाहो एकटा राहिला नाही. घोलाला त्याच्या पूर्वायुष्याची आठवण परत येऊ शकते हे त्याच्या उदाहरणाने सिद्ध झाले आणि मग लेटोच्या प्रदीर्घ राजवटीत त्लेलाक्सू एकामागून एक आयडाहो घडवून त्याच्याकडे पाठवत राहिले. त्यांतले कित्येक त्याच्यावर उलटले आणि त्याच्याच हातून मेले. शेवटचा मात्र सिओनाला भेटतो. लेटोची मिरवणूक टूओनो गावाकडे निघालेली असते. आयडाहो उभ्या कड्यावर चढून जागा घेतो, सिओनाच्या आज्ञेवरून पुलाचे आधार छाटले जातात, गाडा कलंडतो आणि 3500 वर्षांचा सम्राट खाली पाण्यात कोसळतो, जे पाणी त्याच्या अंगावरच्या अळ्यांना सोडवून नेते. त्या नदीचे नाव आयडाहो आहे.